लिलावातून उतरविलेली पर्स

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या युनियनच्या कचेरीत एक निवृत्त फिटर आले. चौतीस वर्षे एकाच कारखान्यात घालविलेले गृहस्थ; वयाने आमच्याहून वडील, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणतो. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून टेबलावर ठेवीत म्हणाले, "भाऊ, हे चार्जशीट आहे का, तेवढं सांगा."

कागद इंग्रजीत होता व अमेरिकेहून आलेला होता. काकांची धाकटी मुलगी न्यू जर्सीत एका रुग्णालयात परिचारिका आहे. फावल्या वेळात ती एक जोडधंदा करते. नामांकित कंपन्यांच्या पर्सेस, घड्याळे, रेशमी रुमाल असा वापरलेला माल ठिकठिकाणांहून बेताच्या किमतीत घ्यावयाचा, तो साफसूफ करून त्याचे फोटो ऑनलाइन लिलावात मांडावयाचे, आणि जो अधिक बोली बोलेल त्याला टपालाने धाडावयाचा. या खेपेस मांडलेली पर्स तर तिची स्वतःची होती, दोन वर्षे खांद्याला लावलेली. कंपनीच्याच दुकानातून सवलतीच्या दिवसांत घेतलेली. बिलही जपून ठेवलेले. सात दिवसांचा लिलाव. तिसऱ्या दिवशी बोली १४० डॉलरपर्यंत चढली, आणि चौथ्या दिवशी सकाळी पाहते तो जाहिरातच गायब! मागाहून ई-मेल आला, तोच हा कागद. हक्कधारकाच्या तक्रारीवरून आपली जाहिरात काढली आहे, पुन्हा असे घडल्यास आपले खाते बंद होईल, एवढाच त्याचा आशय. पर्समध्ये खोट काय, तक्रार करणाऱ्याने ती कोठे पाहिली, कशावरून ठरविले, याबद्दल अवाक्षर नाही. खाली फक्त एक पत्ता.

आम्ही काकांना म्हणालो, "काका, हे चार्जशीट नव्हे. चार्जशीटमध्ये आरोप लिहिलेला असतो, उत्तराला मुदत असते. हे गेटबंद आहे."

या कागदापायी आम्ही वर्षभर वाचीत राहिलो. आमचे शालेय शिक्षण फारसे नाही. जो काही कायदा येतो तो कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून, हरलेल्या खटल्यांचे निकाल पुन्हा पुन्हा वाचून आलेला आहे. परदेशचे निकाल वाचण्याची सोय आता घरबसल्या झाली आहे. शेजारी शब्दकोश ठेवला की आमच्यासारख्यालाही ते उलगडतात. जे उलगडले ते येथे मांडीत आहो.

प्रथम मालकीचा प्रश्न घेऊ. कारण पुष्कळांची समजूत अशी की, नामांकित कंपनीचा माल तिच्या परवानगीवाचून विकणे हाच मुळी गुन्हा आहे. तसे मुळीच नाही. अमेरिकेत हा प्रश्न १९०८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने आपल्या एका कादंबरीत छापले होते की, हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीस विकणे म्हणजे आमच्या हक्काचा भंग होय. न्यू यॉर्कच्या मेसी या प्रसिद्ध दुकानाने ते ८९ सेंटला विकले. न्यायालयाने सांगितले की, प्रकाशकाने प्रत एकदा विकली, तिचे पैसे घेतले, तेथे त्या प्रतीवरील त्याचा अधिकार संपला. पुढे ती कोण कितीला विकतो यात त्याने नाक खुपसू नये. यालाच पहिल्या विक्रीचा नियम म्हणतात.

हे झाले पुस्तकाचे. पण वस्तूवर कंपनीचे नाव, तिचा छाप असतो त्याचे काय? त्याबाबत १९४७ सालचा एक निकाल काकांना फार आवडला, कारण तो स्पार्क प्लगचा आहे. चॅम्पियन कंपनीचे जुने प्लग गोळा करून, दुरुस्त करून विकणारा एक इसम होता. कंपनीचे म्हणणे, त्याने आमचे नाव खरवडून काढावे. न्यायालय म्हणाले, नाव राहू द्या, प्लग मुळात चॅम्पियनचाच आहे. मात्र तो वापरलेला किंवा दुरुस्त केलेला आहे हे त्यावर स्पष्ट दिसले पाहिजे. म्हणजे छापाचा कायदा खरे बोलणाऱ्याच्या आड येत नाही. ट्रेडमार्क हा गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून असतो; विकून झालेल्या मालावर कंपनीने तहहयात पहारा करावा म्हणून नव्हे.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. वस्तू इतकी बदलली की ती मूळची राहिलीच नाही, तर नाव वापरता येत नाही. १९९९ साली रोलेक्सच्या जुन्या घड्याळांना परके पट्टे, परक्या तबकड्या बसवून विकणाऱ्या एका व्यापाऱ्यास न्यायालयाने याच कारणावरून अडविले. आणि नकली माल हा तर उघड अपराधच. नकली मालाबद्दल आम्हांला काडीचीही सहानुभूती नाही. गिऱ्हाईक त्यात बुडतेच, पण असला माल ज्या खोल्यांत तयार होतो तेथे ना हजेरीपट असतो, ना विमा.

मग एवढा स्पष्ट कायदा असताना काकांच्या मुलीची पर्स उतरली कशी? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात कमी आणि बाजाराच्या रचनेत जास्त आहे.

पियर ओमिदयार नावाच्या तरुणाने १९९५च्या सप्टेंबरात संगणकावर एक लिलाव सुरू केला. पुढे त्याचेच नाव ईबे झाले. पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला! दहा-बारा वर्षांत या बाजारात दररोज साठ लाख नव्या जाहिराती लागू लागल्या. इतका माल कोण पाहणार? बाजारवाला माल हातातही घेत नाही. तो विक्रेत्याकडून जागेचे भाडे आणि विक्रीवर टक्केवारी घेतो. तो ना दुकानदार, ना नुसता जागेचा मालक. मग नकली माल विकला गेल्यास जबाबदारी कोणाची? बाजारवाल्याला ही धास्ती पहिल्यापासून होती. आपल्याकडेही याचा दाखला आहे. मुंबईतून चालणारी बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट ईबेने २००४ साली विकत घेतली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोणा एका विक्रेत्याने लावलेल्या अश्लील चित्रफितीच्या जाहिरातीपायी साइटच्या प्रमुखास अटक झाली. माल त्याचा नव्हता, जाहिरात त्याने लिहिली नव्हती. पुढे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात त्याची सुटका झाली, पण अशी आठ वर्षे पाहिलेला बाजारवाला तक्रार आल्यावर चौकशी करीत बसेल काय? तो आधी जाहिरात काढतो.

या धास्तीतूनच नोटिशीची पद्धत आली. नामांकित कंपन्यांनी बाजारवाल्याकडे आपले नाव नोंदवावयाचे. मग त्यांच्या माणसांनी रोज जाहिराती चाळावयाच्या, आणि खटकेल तिच्यावर एक नमुन्याचा अर्ज भरावयाचा. 'ही जाहिरात आमच्या हक्काचा भंग करते असा आमचा प्रामाणिक समज आहे' एवढे लिहिले की पुरे. ईबेने या योजनेला 'व्हेरो' असे नाव दिले आहे. अर्ज आल्यावर जाहिरात बहुधा २४ तासांच्या आत उतरते.

येथे थोडे थांबून शब्दाकडे पाहावे. 'समज'! पुरावा नव्हे, तपासणी नव्हे, समज. मुकादमाच्या समजावरून कामगाराला घरी पाठविण्याचे दिवस आम्ही पाहिलेले नाहीत, पण ते पाहिलेली माणसे आम्हांला भेटलेली आहेत. १९४६ साली आपल्या देशात स्थायी आदेशांचा कायदा झाला तो याचसाठी की, माणसाला काढावयाचे तर आरोप लिहून द्या, त्याचे ऐकून घ्या, मग काय ते करा. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली असली, तरी आधी ऐकावे हे तत्त्व काही नवे राहिले नाही. पण लिलावाच्या बाजारात ते अजून पुरते पोचलेले नाही.

२००८ हे साल या बाबतीत मोठे गमतीचे आहे. त्या एका वर्षात तीन न्यायालयांनी तीन दिशांना तोंडे केली.

पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने ३० जून रोजी ईबेला सुमारे ४ कोटी युरोंचा भुर्दंड ठोठावला. वादी होते लुई व्हितॉं, दिऑर वगैरे छापांचे मालक. नकली पर्सेस विकल्या गेल्या याबद्दलची भरपाई समजण्यासारखी होती. पण त्याच निकालात असेही सांगितले होते की, दिऑर, गर्लें, जिव्हांशी आणि केंझो यांची अत्तरे, अगदी अस्सल असली तरीही, या बाजारात विकू देऊ नयेत. कारण कंपन्या ती फक्त नेमलेल्या दुकानांतून विकतात. म्हणजे वाढदिवसाला आलेली अत्तराची न फोडलेली कुपी तुम्हांला नको असेल, तर ती कपाटात तशीच उडू द्यावयाची! पुढे २०१० साली अपिलात भरपाईची रक्कम ५७ लाख युरोंवर आली.

दोनच आठवड्यांनी, १४ जुलैला, न्यू यॉर्कच्या न्यायालयाने अगदी उलटा निकाल दिला. वादी होती टिफनी, १८३७ सालापासूनची नामांकित जवाहिऱ्यांची पेढी. तिने चाचणीसाठी ईबेवरून चांदीचे दागिने विकत घेतले, तेव्हा दर चारांत जवळजवळ तीन नकली निघाले. न्यायाधीशांना ती चाचणी सदोष वाटली, तरी नकली माल पुष्कळ होता हे कोणी नाकारले नाही. टिफनीची एक मागणी वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. ती म्हणत होती की, जो विक्रेता आमच्या पाच किंवा अधिक वस्तू एका वेळी मांडील तो नकलीच विकतो असे धरून त्याला अडवावे. पाच! का, तर एवढा अस्सल माल एका माणसाकडे येणारच नाही. मयत आजीची दागिन्यांची पेटी विकणारा, दिवाळे निघालेल्या दुकानाचा माल घेणारा, काकांच्या मुलीसारखी वर्षभर गोळा करणारी, सगळे आकड्यावरून चोर. न्यायालयाने ही मागणी मानली नाही. त्याने ठरविले की, बाजारात नकली माल असतो एवढे सर्वसाधारण ज्ञान बाजारवाल्याला दोषी ठरविण्यास पुरे नाही. अमुक जाहिरात नकली आहे असे त्याला कळले आणि तरीही त्याने ती ठेवली, तरच तो दोषी. आपल्या छापाची राखण ज्याची त्यानेच करावी. १ एप्रिल २०१० रोजी अपिलातही हे कायम झाले.

निकाल विक्रेत्यांच्या बाजूचा वाटतो, आणि बऱ्याच अंशी तो आहेही. पण आमच्या मते त्याची दुसरी बाजू फारशी कोणी पाहिली नाही. बाजारवाला सुटला तो कशाच्या बळावर? 'नोटीस येताच आम्ही जाहिरात काढतो' या बळावर. म्हणजे नोटीस येताच काढणे हाच त्याचा बचाव ठरला. मग नोटीस खरी की खोटी हे पाहण्यात त्याचा फायदा काय? न काढावी तर कंपनी कोर्टात खेचणार. काढावी तर फार फार तर एक पर्सवाली चिडणार. दोन मोठ्या घरांनी आपसांत सोयीचा रस्ता काढला, आणि तो आमच्या काकांच्या अंगणातून गेला.

तिसरा निकाल याच अंगणातला, म्हणून आम्हांला तो सर्वांत जवळचा. कोलोरॅडोतील एक नवराबायको घरी कापडाच्या वस्तू शिवून ईबेवर विकीत. एका कापडावर बेटी बूप या कार्टूनमधील मुलीचे चित्र होते. एर्टे या प्रख्यात वेशभूषाकाराच्या एका चित्राची ती थट्टा होती. एर्टेच्या चित्रातील डौलदार स्त्रीजवळ शिकारी कुत्रा आहे, तर येथे बेटीजवळ तिचे कुत्र्याचे पिल्लू. एर्टेच्या चित्रांचे हक्क सांभाळणाऱ्यांनी नोटीस धाडली, जाहिरात उतरली. जोडप्याने लिहिले, तक्रार मागे घ्या. उत्तर आले, घेणार नाही, दावा लावू. तेव्हा या दोघांनीच वकिलावाचून दावा लावला, आपल्या गावच्या न्यायालयात. पहिल्या न्यायालयाने तो फेटाळला; कारण नोटीस देणारे कनेक्टिकटचे व इंग्लंडचे, नोटीस गेली कॅलिफोर्नियाला, कोलोरॅडोचा संबंध काय? जोडपे अपिलात गेले. २००८च्या जानेवारीत डेन्व्हरच्या अपील न्यायालयाने निर्णय फिरविला. निकाल लिहिणारे न्यायाधीश नील गोर्सच आज तेथल्या सर्वोच्च न्यायालयात आहेत. त्यांनी बास्केटबॉलचा दाखला दिला. खेळाडू चेंडू फळीवर मारतो, पण त्याचा नेम फळीवर नसतो, जाळीवर असतो. तशी नोटीस कॅलिफोर्नियात आदळली, तरी नेम कोलोरॅडोच्या या घरावर होता; तेव्हा त्या घराला आपल्या दारी न्याय मागता आला पाहिजे. दोन शिवणकाम करणारी माणसे, वकील नाही, आणि त्यांनी एवढे मिळविले! हा निकाल आम्ही काकांना मराठीत सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण प्रत्येकाला कोर्टाची पायरी चढणे शक्य नसते. म्हणून जाहिरात उतरल्यावर प्रथम काय पाहावे ते सांगतो. नोटीस कॉपीराइटची आहे की ट्रेडमार्कची, हे पाहावे. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कॉपीराइटसाठी अमेरिकेत १९९८चा कायदा आहे, आणि त्यात विक्रेत्याला उलट नोटीस देण्याचा हक्क आहे. तुम्ही शपथेवर लिहून द्यावयाचे की, जाहिरात चुकीने काढली गेली. आपले नाव-पत्ता द्यावयाचा. न्यायालयाचा अधिकार मान्य करावयाचा. मग तक्रारदाराने दावा लावला नाही, तर कामाच्या दहा ते चौदा दिवसांत जाहिरात परत लावावी लागते. जाणूनबुजून खोटी नोटीस देणाऱ्यावर भरपाईचा दावाही करता येतो. यात मेख एवढीच की, सात दिवसांच्या लिलावाला चौदाव्या दिवशी न्याय मिळून करावयाचे काय? तरी मार्ग आहे. ट्रेडमार्कच्या नोटिशीला मात्र कायद्याने ठरविलेली अशी उलट नोटीसच नाही. तेथे बाजारवाल्याची मर्जी, आणि बाजारवाला सांगतो, तक्रारदाराशी बोला. नामांकित मालाच्या बहुतेक नोटिशी याच जातीच्या. काकांच्या मुलीचीही हीच.

तक्रारदाराशी बोलावे, तर तेथे कधीकधी निराळाच अनुभव येतो. २०११ साली सिएटलच्या न्यायालयात एका स्त्रीने प्रसिद्ध पर्स कंपनीविरुद्ध दावा लावला. ती पूर्वी त्याच कंपनीत नोकरीस होती. तिचे म्हणणे असे की, तिची पर्स अस्सल असताना जाहिरात उतरविली गेली, आणि वर वकिलांचे पत्र आले की, नकली माल विकल्याबद्दल ३०० डॉलर भरा म्हणजे प्रकरण मिटवू. आरोप करणारा आणि दंड वसूल करणारा एकच, असा हा देखावा होता. कारखान्यात असे पत्र आले असते तर आम्ही ते सूचनाफलकावर लावले असते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असेही नव्हे. न्यू यॉर्कमधील एका जुन्या मालाच्या दुकानाविरुद्ध शनेलने खटला भरला होता. त्यात कंपनीच्या व्यवस्थेतून चोरीस गेलेले क्रमांक लावलेल्या पर्सेस निघाल्या. नुसत्या दुकानात मांडण्यासाठी असलेल्या, विक्रीच्या नसलेल्या वस्तूही निघाल्या. २०२४च्या फेब्रुवारीत ज्यूरीने ४० लाख डॉलर भरपाई दिली. अस्सलतेची हमी देऊन माल विकणाराने ती हमी पाळलीच पाहिजे. म्हणूनच ईबेने २०२०पासून घड्याळे व बूट, आणि २०२१पासून महागड्या पर्सेस तज्ज्ञांकडून तपासून मग गिऱ्हाइकाकडे पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. वस्तू हातात घेऊन, शिवण, कातडे, कड्या पाहून ठरवावयाचे. आम्हांला ही पद्धत नोटिशीपेक्षा शतपटीने रास्त वाटते. तिच्यात निदान कोणीतरी पर्स उघडून पाहतो.

ऐकून घेण्याची सक्ती कायद्याने करता येते, हे युरोपने दाखविले आहे. २०२०च्या जुलैपासून तेथे नियम लागू झाला की, विक्रेत्याची जाहिरात रोखली तर कारणे लेखी द्यावीत, आणि खाते कायमचे बंद करावयाचे तर सामान्यतः तीस दिवस आधी कळवावे. १७ फेब्रुवारी २०२४ पासून पुरता अमलात आलेल्या डिजिटल सेवा कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. कारण द्यावे, तक्रार फुकट ऐकावी, ती नुसत्या यंत्रावर सोडू नये, माणसाने पाहावी, आणि पटले नाही तर कोर्टाबाहेरच्या त्रयस्थाकडे जाण्याची वाट मोकळी ठेवावी. अगदी लहान साइटना यातून काही सूट आहे, पण बडे बाजार सुटत नाहीत. हे वाचताना आम्हांला आमच्या स्थायी आदेशांचीच आठवण झाली.

आपल्याकडे चित्र अर्धेमुर्धे आहे. कॉपीराइटच्या २०१३च्या नियमांप्रमाणे तक्रार आल्यावर छत्तीस तासांत मजकूर रोखावा लागतो, पण एकवीस दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे कोर्टात जाण्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर आहे. हे अमेरिकेपेक्षाही चांगले. ट्रेडमार्कच्या बाबतीत पहिल्या विक्रीचे तत्त्व १९९९च्या कायद्यात आहेच, आणि सॅमसंगच्या प्रिंटरांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ साली ते परदेशातून आणलेल्या अस्सल मालालाही लावले. मात्र कंपनीची हमी यावर नाही असे दुकानात स्पष्ट सांगावे, एवढी अट घातली. पण जाहिरात उतरविल्यावर विक्रेत्याने दाद कोठे मागावी, हे मात्र कोणी धड सांगितलेले नाही.

आणि नोटिशीचे बटण सगळ्यांच्याच हाताशी असते असेही नाही. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन-प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या. कोल्हापूरचे नावही घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक चिन्हांकन आहे. पण आमच्या चपला करणाऱ्याला चोवीस तासांत काही उतरविता आले नाही. वर्तमानपत्रे ओरडली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने मान्य केले की, प्रेरणा भारतीय कारागिरांची आहे. एका छापाला अर्ज पुरतो, दुसऱ्याला बोंब मारावी लागते.

आता व्यवहाराचे चार शब्द. पर्स विकणाऱ्याने कंपनीच्या साइटवरचा फोटो किंवा मजकूर उचलू नये. अनेक जाहिराती माल अस्सल असूनही एवढ्यानेच उतरतात, आणि तेथे तक्रार खरी असते. आपल्या टेबलावर, आपल्या उजेडात फोटो काढावा. ओरखडा असेल तर तो झाकू नये, दाखवावा. स्पार्क प्लगचा धडा तोच आहे. 'अमुक कंपनीसारखी' असे लिहून परक्या नावावर गिऱ्हाईक ओढू नये. बिल नसेल तर वस्तू कोठून, केव्हा, कितीला घेतली याची वही ठेवावी. जाहिरात उतरल्यावर तीच लगेच पुन्हा लावणे किंवा नवऱ्याच्या नावाने दुसरे खाते उघडणे, हा तर शुद्ध वेडेपणा. दुसऱ्याचे कार्ड पंच केल्यासारखे ते आहे; मूळ तक्रार खोटी असली तरी या एका कारणाने दोन्ही खाती जातात. आणि रागाचे पत्र लिहू नये. लिहावयाचेच असेल तर रात्री लिहून सकाळी फाडावे.

काकांच्या मुलीसाठी आम्ही पत्राचा मसुदा केला. इंग्रजी तिने सुधारले. जाहिरातीचा क्रमांक, खरेदीची तारीख व दुकान, बिलाची प्रत, आतल्या शिक्क्याचा फोटो. मग दोन प्रश्न : आपण कोणत्या खुणेवरून ही पर्स नकली ठरविली? आणि नकली नसेल तर तक्रार मागे घेतल्याचे साइटला व मला केव्हा कळवाल? शेवटी चौदा दिवसांची मुदत. तेच पत्र साइटलाही धाडले. पहिल्या पत्राला उत्तर नाही. पंधराव्या दिवशी तेच पत्र, वर 'दुसरी वेळ' असे लिहून. तेविसाव्या दिवशी एका ओळीचा ई-मेल आला : तक्रार मागे घेतली आहे. कारण नाही, दिलगिरी नाही. साइटने तिच्या खात्यावरची नोंद पुसली, पण लिलाव तोवर केव्हाच संपून गेला होता, आणि १४० डॉलरची बोली लावणारा दुसरीकडे गेला होता.

मुलीने पर्स पुन्हा मांडली. या वेळी बिलाचा फोटोही जाहिरातीतच घातला, आपला पत्ता आणि कार्डाचा क्रमांक झाकून. ११५ डॉलरला गेली.